अप्पर रेड लेकवरील खोपी : प्रकल्प नोंदी, हिवाळा २०२३-२४

१४ ऑक्टोबर २०२३

उत्तर मिनेसोटातील अप्पर रेड लेकवर बर्फातून वॉलआय मासा धरण्यासाठी, घसरपट्ट्यांवर ओढून नेता येईल अशी एक लहान खोपी स्वतः बांधायची आणि हंगाम संपेपर्यंत ती वापरायची, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. काम करणारे आम्ही तिघे. शेजारच्या काकांचे अख्खे आयुष्य याच राज्यात गेले असून गोठलेल्या तळ्यावर बसणे हा त्यांचा लहानपणापासूनचा नित्यक्रम आहे. दाजी मूळचे मालवणचे. मासळीची पारख त्यांना उपजत आहे, पण मासा धरायला पाण्यावरून चालत जायचे ही कल्पना त्यांच्या पचनी पडायला अजून वेळ लागेल. हिशेब आणि नोंदी माझ्याकडे आहेत.

तळे निवडण्यावरून फारशी चर्चा झाली नाही. रेड लेक हे अॅगासिझ या हिमयुगातील महाकाय सरोवराचे अवशेष आहे. त्याचे वरचे आणि खालचे असे दोन भाग एका चिंचोळ्या जागी जोडलेले असून दोन्ही मिळून क्षेत्रफळ साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. वरचा भाग विस्तीर्ण असला तरी अतिशय उथळ आहे, आम्ही बसणार तिकडे तर पाणी चार मीटरही खोल नाही, त्यामुळे थंडी पडताच ते लवकर निवते आणि राज्यातील मोठ्या तळ्यांपैकी इथेच बर्फ सर्वांत आधी धरते. याच उथळपणामुळे वाऱ्याचा जोरही इथे सर्वांत जास्त जाणवतो, हे काकांनी पहिल्याच बैठकीत दोनदा सांगितले.

खालचे तळे पूर्णपणे आणि वरच्या तळ्याचा पश्चिमेकडील मोठा भाग रेड लेक ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राच्या हद्दीत आहे. बाहेरच्या माणसाला केवळ पूर्वेकडील, राज्याच्या अखत्यारीतील सुमारे ४८,००० एकरांवर मासेमारी करता येते. बर्फावर ही हद्द डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती रेषा जीपीएस यंत्रात आताच भरून ठेवली.

२८ ऑक्टोबर

आजचा दिवस वजनाच्या हिशेबात गेला, आणि हा हिशेबच या प्रकल्पाचा कणा आहे. बाजारात मिळणाऱ्या चाकांच्या तयार खोल्यांमध्ये पलंग, शेगडी, दूरचित्रवाणी असा संसार असतो. त्या टनावारी भरतात आणि बर्फ दीड फुटाच्या जवळपास गेल्याखेरीज त्यांना तळ्यावर नेता येत नाही. आपली खोपी हलकी असेल तर हंगामातले अधिक दिवस हाती लागतात.

राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने नव्या, पारदर्शक बर्फासाठी दिलेली किमान जाडी अशी आहे: पायी जाण्यास ४ इंच, स्नोमोबाइलला (हिमावर चालणाऱ्या छोट्या गाडीला) ५ ते ७ इंच, लहान मोटारीला ९ ते १० इंच, मध्यम ट्रकला १३ इंचांच्या पुढे. बर्फ पांढरा, म्हणजे भिजलेला हिम गोठून झालेला असेल, तर हे आकडे दुप्पट धरायचे.

या तक्त्यामागचे गणित मांडून पाहिले. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ९२ टक्के असते, म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर बर्फाला तरंगत राहून जेमतेम २५ किलो ओझे पेलता येते. आमच्या ६ बाय ८ फुटांच्या खोपीचा तळ साडेचार चौरस मीटर आहे. माणसे आणि सामान धरून ४०० किलो ओझे झाले तर दर चौरस मीटरवर ९० किलो येतात. खालचा बर्फ एकटा ते पेलू शकत नाही. भोवतालची मोठी लादी थोडी वाकून भार वाटून घेते. म्हणून बर्फाची नुसती जाडी पाहून भागत नाही, ती लादी अखंड आहे की तडकलेली, हेही पाहावे लागते. ओझे एकाच जागी राहिले तर हे वाकणे तासागणिक वाढत जाते आणि शेवटी भोकांतून पाणी वर येऊ लागते. ताज्या हिमाचा अर्धा फूट थरसुद्धा हेच करू शकतो.

यावरून खोपीच्या कोरड्या वजनाची मर्यादा २०० किलो ठरवली. दाजींना ती अशक्य वाटते.

११ नोव्हेंबर

सांगाडा उभा राहिला. नेहमीच्या दोन-बाय-चार इंची लाकडाऐवजी दीड इंच चौरस रिपा वापरल्या, त्या दोन-दोन फुटांवर बसवल्या आणि मधल्या जागेत फॉइल लावलेला दीड इंची कडक फोम घट्ट बसेल असा कापून भरला. बाहेरून ५ मिलिमीटरचे प्लायवूड, जमिनीला मात्र अर्धा इंचाचे. तळाशी दोन फळ्या उभ्या बसवून त्यांची पुढची टोके वर गोलाई देऊन तासली आणि खालच्या कडांना गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकल्या. ओल्या लाकडाला बर्फ चिकटतो, प्लॅस्टिकला तितका चिकटत नाही.

जमिनीत चार भोके ठेवली असून प्रत्येकाला झाकण आहे. भोकांच्या जागेवरून बराच वाद झाला. कोपऱ्यात घेतली तर मधे वावरायला जागा राहते, पण भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला काठी उचलायला हात मोकळा मिळत नाही. शेवटी भिंतीपासून फूटभर आत घेतली.

दाजी प्रत्येक फळी कापून झाली की ती बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवतात आणि पेन्सिलीने तिच्या पाठीवर आकडा लिहितात. भिंतींवर आतून आता किराणा दुकानाच्या वहीसारखे आकडेच आकडे दिसतात. दार आणि बिजागऱ्या बसायच्या आहेत. आजवरची बेरीज १७२ किलो.

१८ नोव्हेंबर

दार, एक खिडकी, शेगडी आणि हवेची सोय पूर्ण झाली. दाराला कडी आतून असली तरी आत माणूस असताना ते बाहेरूनही उघडता यावे असा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. शेगडी प्रोपेनवर चालते. तिच्यामागे भिंतीपासून थोडे अंतर सोडून पत्रा लावला, कारण फोमला आच लागू देता येत नाही. एक झरोका जमिनीलगत आणि दुसरा छताखाली ठेवला असून दोन्हींना झाकण मुद्दामच केलेले नाही. कितीही कडाका पडला तरी ते बंद करण्याचा मोह कोणाला होऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हिवाळ्यात बंद खोपीत झोपलेली माणसे सकाळी मृत सापडल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र झोपलेल्या माणसाच्या उशाच्या उंचीवर बसवले.

रात्रभर तळ्यावर राहणाऱ्या खोपीवर मालकाची ओळख मोठ्या अक्षरांत लिहावी लागते आणि प्रत्येक बाजूला प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावाव्या लागतात, तेही झाले. कोरडे वजन १९१ किलो.

२५ नोव्हेंबर

परवाने काढले आणि नियमांची पुस्तिका तिघांनी मिळून वाचली. अप्पर रेड लेकवर १७ इंचांपेक्षा मोठा वॉलआय प्रत्येकाला एकच ठेवता येतो, बाकीचे मोठे मासे परत सोडावे लागतात. माद्या साधारण त्या आकाराच्या आसपास अंडी घालू लागतात. त्यांना राखण्यासाठी ही अट आहे. दाजींनी विचारले, की एवढ्या मोठ्या तळ्यात दोन मासे जास्त नेल्याने काय बिघडणार. त्याचे उत्तर या तळ्याच्या इतिहासातच आहे आणि ते नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

रेड लेकवर व्यापारी मासेमारी पहिल्या महायुद्धाच्या काळात, अन्नटंचाईच्या निमित्ताने सुरू झाली आणि पुढे अनेक दशके चालली. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वॉलआय इतके कमी झाले की जाळी रिकामी येऊ लागली. ओजिब्वे मच्छीमारांनी १९९७मध्ये आपली जाळी स्वतःहून काढून घेतली. १९९९मध्ये राज्यानेही आपल्या हद्दीत वॉलआय धरण्यास बंदी घातली आणि त्याच वर्षी दोघांनी केंद्रीय यंत्रणेसह एकत्र करार केला. १९९९, २००१ आणि २००३ या तीन वर्षांत मिळून दहा कोटींहून अधिक नवजात पिल्ले तळ्यात सोडली गेली. ही पिल्ले ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या द्रावणात ठेवून खुणावलेली होती, त्यामुळे पुढे धरलेल्या माशाच्या हाडात ती खूण पाहून तो सोडलेला की तळ्यातच जन्मलेला, हे ओळखता येत असे. मे २००६मध्ये मासेमारी पुन्हा खुली झाली. मधल्या काळात वॉलआयची जागा ब्लॅक क्रॅपी या माशाने घेतली आणि काही हिवाळे लोक केवळ क्रॅपीसाठी इथे लोटत होते. वॉलआय परतले तशी ती झुंबडही ओसरली.

काका त्या बंदीच्या वर्षांत इथे क्रॅपीच धरत होते. त्यांच्या मते मासे परत आणण्याचे श्रेय पिल्लांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, सहा-सात वर्षे हात आवरण्याला द्यायला हवे. मला हे पटते. ज्या तळ्यात अंडी घालायला जागा आणि पाणी चांगले आहे, तिथे मासा वाढण्यासाठी त्याला वाढू देणे ही पहिली गरज असते.

१६ डिसेंबर

पहिली फेरी, खोपीशिवाय. थंडी यंदा पडायलाच तयार नाही. एरवी या दिवसांत तळ्यावर मोटारी धावू लागलेल्या असतात, आता मात्र लोक पायी जाऊन किनाऱ्याजवळच बसत आहेत.

बर्फावर पहिले पाऊल ठेवण्याआधी काकांनी पहार हातात घेतली आणि नंतर दर दोन-तीन पावलांवर समोर जोराने हाणत चालले. चांगला बर्फ खणखणीत वाजतो. पहार एका फटक्यात आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरायचे. आम्ही दोघे त्यांच्यामागे अंतर राखून, गळ्यात बर्फात रोवायचे दोन खिळे अडकवून आणि तरंगणारे अंगरखे घालून चाललो. बर्फात पडलेल्या माणसाला वर येताना ओल्या, निसरड्या काठावर हाताला पकड मिळत नाही. ती या खिळ्यांनी मिळते.

गिरमिटाने पाडलेल्या भोकात मोजपट्टी घातली तर साडेपाच इंच भरले. भोकाच्या कडेला हात लावून पाहण्यासारखे होते: खालचे चार इंच काचेसारखे काळसर, आरपार दिसणारे, आणि वरचा दीड इंच दुधी, बारीक बुडबुड्यांनी भरलेला. वरचा थर हिम भिजून गोठल्याचा आहे आणि हिशेबात तो अर्धाच धरायचा.

पाणी सहा फूट. मोजके मासे मिळाले, सगळे लहान. दाजींनी आयुष्यातला पहिला वॉलआय धरला, तो उलटसुलट करून पाहिला, शेपटीच्या खालच्या टोकाचा पांढरा ठिपका आणि पाठीवरच्या काटेरी पराचा शेवटचा काळा डाग निरखला, कल्ले उचलून बघितले आणि हा मासा तळायला उत्तम आहे असा निर्वाळा दिला.

३० डिसेंबर

काल, शुक्रवारी, अप्पर रेड लेकवर बर्फाची लादी किनाऱ्यापासून सुटली आणि शंभराहून अधिक माणसे तिच्यावर अडकली. रात्रीपर्यंत सर्वांना सुखरूप बाहेर काढले. मागच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर २०२२ रोजी, याच तळ्यावर सुमारे २०० जण असेच अडकले होते. आम्ही घरीच होतो, पण बातमी ऐकून काकांकडे जाऊन बसलो आणि प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याचा विचार नव्याने केला.

लादी सुटण्याचे कारण तिच्या जाडीत शोधून सापडत नाही. जिथे लोक बसले होते तिथला बर्फ माणसे पेलण्याइतका होताच. तळे रुंद आहे, वाऱ्याला अडवायला मैलोन्‌मैल काही नाही, आणि हंगामाच्या आरंभी लादी किनाऱ्याला चहूबाजूंनी घट्ट धरलेली नसते. वारा एका दिशेने दिवसभर दाबतो, मग दिशा बदलतो, आणि जुन्या भेगेशी लादी फाटून मधे पाण्याचा पट्टा उघडतो. नाताळच्या सुमारास राज्यभर झालेल्या पावसाने यंदा आधीच कमकुवत असलेल्या बर्फाची भर घालण्याऐवजी हानीच केली. म्हणजे भोक पाडून मोजलेले इंच आपल्या पायाखालच्या बर्फाविषयी सांगतात, आपल्या आणि किनाऱ्याच्या मधल्या बर्फाविषयी नव्हे.

त्यामुळे तीन गोष्टी ठरल्या. खोपी नेण्यासाठी पारदर्शक बर्फ किमान १२ इंच हवा, मग तक्ता काही म्हणो. किनाऱ्यावरचे रिसॉर्टवाले जो रस्ता राखतात आणि भेगांवर पूल टाकतात, त्या रस्त्यानेच जायचे, कारण ती माणसे रोज सकाळी तो तपासतात. आणि अंदाजात वाऱ्याची दिशा बदलून जोर धरणार असे असेल, तर कितीही जाड बर्फ असला तरी जायचे नाही. तिसरा नियम दाजींनी मांडला. वादळाची सूचना आली की होड्या बंदरात, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

६ जानेवारी २०२४

डिसेंबर महिना मिनेसोटाच्या आजवरच्या नोंदींतील सर्वांत उबदार डिसेंबर ठरला. खोपी गॅरेजमध्येच आहे. वेळ आहे म्हणून रिळे, दोऱ्या आणि गळ तपासले, पाण्यातला मासा पडद्यावर दाखवणाऱ्या ध्वनियंत्राची बॅटरी भरली आणि झाकणांच्या फटींना सिलिकॉन लावले.

२० जानेवारी

गेला आठवडाभर कडाक्याची थंडी होती, रात्री पारा उणे २० सेल्सियसच्या खाली उतरत होता, आणि बर्फावर हिम फार नव्हते. हिम उत्तम पांघरूण असते. ते जाड असेल तर कितीही थंडी पडो, बर्फ खाली वाढत नाही. यंदाच्या कोरड्या हिवाळ्याचा हा एक फायदा झाला. आज सकाळी रिसॉर्टच्या रस्त्यालगत चार ठिकाणी मोजले तेव्हा १४ इंच मिळाले, त्यांपैकी वरचे अडीच पांढरे. पांढरा थर अर्धा धरला तरी पावणेतेरा भरतात, ठरवलेल्या मर्यादेत बसत असल्याने खोपी निघाली.

ओढण्याचे काम काकांच्या स्नोमोबाइलने केले, आणि त्यांनी वेग धावणाऱ्या माणसाच्या पुढे जाऊ दिला नाही. यामागेही कारण आहे. बर्फावरून जाणारे वाहन आपल्या खालचे पाणी ढकलत नेते आणि बर्फाखाली एक लाट तयार होते. उथळ पाण्यात त्या लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो, तीन मीटर खोलीला तो ताशी २० किलोमीटरच्या आसपास येतो. वाहन नेमके त्याच वेगाने गेले तर लाट त्याच्यासोबतच राहून मोठी होत जाते आणि बर्फाला वाकवते. उथळ तळ्यावर सावकाश जाणे यासाठीच सुरक्षित असते.

जागा ११ फूट खोलीवर घेतली. डिसेंबरात किनाऱ्याच्या उतारापाशी असणारा वॉलआय मध्य-हिवाळ्यात या सपाट चिखली तळावर विखुरतो. खोपी थेट बर्फावर न टेकवता चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, नाहीतर आतल्या उबेने खालचा बर्फ वितळून पट्ट्या रात्रीत गोठून बसतात आणि मग त्या पहारीने फोडून काढाव्या लागतात. भोवती हिमाचा बांध घातला, पण खालचा झरोका मोकळा राहील इतके अंतर ठेवून.

२१ जानेवारी

रात्र खोपीतच काढली. आत शेगडीमुळे १५ अंश, बाहेर उणे १८. रात्रभर तळे बोलत होते. थंडी वाढली की बर्फ आकुंचन पावून तडकतो आणि तो आवाज लांबून येऊन पायाखालून निघून जातो. दाजी पहिल्या दोन-तीन वेळा उठून बसले. काकांनी झोपेतच सांगितले, की आवाज करणारा बर्फ वाढणारा बर्फ असतो.

आता मासेमारीविषयी. बर्फाखालच्या पाण्यात तापमान उलटे असते: बर्फाला लागून शून्य अंश आणि तळाशी त्याहून थोडे उबदार, कारण पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. मासा तळाशी राहतो आणि त्या थंडीत शक्ती जपून वागतो, भक्ष्यामागे लांब धावत नाही. वॉलआयच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. म्हणूनच बहुतेक तळ्यांवर तो पहाटे आणि तिन्हीसांजेला घास घेतो आणि दुपारी गप्प असतो. अप्पर रेड लेकचे पाणी मात्र भोवतालच्या पीट दलदलींमुळे चहासारखे तपकिरी आहे, आणि वरून बर्फ. त्यामुळे तळाशी भर दुपारीही संध्याकाळच असते आणि दिवसभर अधूनमधून मासा लागतो.

प्रत्येकाला हिवाळ्यात दोन दोऱ्या चालतात. एका काठीला चमकणारा धातूचा चमचा, त्याच्या गळाला मिनो या आमिषाच्या बारीक माशाचे फक्त डोके; ही काठी हाताने वर-खाली हलवायची. दुसरी स्थिर, साध्या गळाला जिवंत मिनो, तळापासून वीतभर वर. हलणारा चमचा मासा बोलावतो आणि पुष्कळदा तो येऊन स्थिर मिनोच खातो.

पहाटे साडेसातच्या सुमाराचा एक प्रसंग तपशिलाने नोंदवतो, कारण ध्वनियंत्र कसे वाचायचे हे मला त्यात समजले. पडद्यावर तळाची जाड लाल रेघ होती आणि तिच्यावर फूटभर अंतरावर माझ्या चमच्याची बारीक हिरवी. तळाची रेघ अचानक जाड झाली आणि तिच्यातून एक नारिंगी पट्टी वेगळी होऊन चमच्याकडे सरकू लागली. या खोलीवर यंत्राचा ध्वनिशंकू तळाशी जेमतेम साडेतीन फूट रुंद असतो, म्हणजे मासा दिसला तेव्हा तो भोकाखालीच होता. मी चमचा हलवणे थांबवले. पट्टी थांबली आणि खाली जाऊ लागली. काका पुटपुटले, “वर घे, हळू.” अर्धा फूट वर घेतला तशी पट्टी लाल होऊन मागोमाग आली आणि दोरी ताणली जाण्याऐवजी एकदम सैल पडली. वॉलआय असा घेतो, खालून वर येऊन, झटका न देता. काठी उचलली.

तो साडेअठरा इंच भरला. पोट भरलेली मादी असावी. भोकातून काढल्यावर मोजपट्टी ओली करून मोजली, बाहेरच्या हवेत न नेता आतच गळ काढला आणि डोके खाली करून पाण्यात सोडली. एवढ्या थंडीत बाहेर नेले तर माशाचे कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठू लागतात आणि मग सोडूनही उपयोग होत नाही. नियमाने ती ठेवता आली असती, प्रत्येकी एक चालते. तेरा ते सोळा इंचांचे मासे जेवणासाठी अधिक चांगले असतात हे तिघांचे मत आहे, त्यामुळे वाद झाला नाही.

ठेवलेले मासे तळ्यावर आणि किनाऱ्यावर असेपर्यंत अख्खे, डोके-शेपटीसह ठेवावे लागतात, म्हणजे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला मोजता येतात; शिजवायला घेतलेल्याला सूट आहे. दुपारी त्यातले दोन दाजींनी शेगडीवर तळले. आगळ, हळद, मीठ, तिखट लावून तासभर ठेवले आणि रव्यात घोळवले. आगळाची बाटली त्यांनी घरून आणली आहे हे आम्हाला तेव्हा कळले. काकांनी एरवीच्या बिअरच्या पिठापेक्षा हे बरे आहे असे मान्य केले, आणि हे त्यांच्याकडून आलेले पुष्कळ मोठे प्रशस्तिपत्र आहे.

३ फेब्रुवारी

थंडी पुन्हा गेली. बर्फावर पाणी साचले आहे आणि खोपीच्या दक्षिणेकडील भिंतीवर ऊन पडून तिच्या पायाशी खळगा झाला आहे. त्या बाजूचे दोन ठोकळे खाली गेल्याने दार अडकू लागले. शिवाय एका भोकातून पाणी वर येऊन जमिनीवर पसरले होते, म्हणजे लादी भाराखाली वाकली आहे. खोपी उचलून ६० फूट पलीकडे, ताज्या जागी नेली आणि जुन्या भोकांवर फांद्या रोवून खूण केली. मासेमारी अशी झालीच नाही.

राज्यात गेल्या उन्हाळ्यापासून लागू झालेल्या कायद्याने बर्फावर कचरा किंवा मैला सोडण्यास दंड आहे. आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर कोणीतरी गोठून बसलेले ठोकळे, बाटल्या आणि बरेच काही सोडून गेले होते. जेवढे निघाले तेवढे आम्ही पहारीने काढून पिशवीत भरले. वसंतात हे सगळे तळ्यात उतरते आणि तेच मासे आपण उन्हाळ्यात धरतो, हे ज्यांना सांगावे लागते त्यांना काय सांगायचे.

१७ फेब्रुवारी

बर्फ अजूनही १४ इंच आहे, पण त्याची जात बदलली आहे. गिरमिट लोण्यातून जावे तसे जाते आणि कड ठिसूळ निघते. उन्हाने खालपर्यंत शिरून बर्फाचे उभे स्फटिक सुटे होऊ लागले की जाडीचा आकडा फसवा ठरतो. जानेवारीतले १४ इंच आणि आजचे १४ इंच यांत काहीही साम्य नाही. संध्याकाळी मासे चांगले लागले, नदीच्या मुखाच्या बाजूला. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत अंडी घालण्यासाठी ते टॅमरॅक नदीत शिरतील, त्याची ही पूर्वतयारी आहे.

नियमाप्रमाणे राज्याच्या उत्तर भागात खोप्या मार्चच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत ठेवता येतात. आम्ही तोवर थांबणार नाही.

२५ फेब्रुवारी

वॉलआय हंगामाचा शेवटचा दिवस. भल्या पहाटे, रात्रीच्या गारठ्याने वरचा थर कडक असताना खोपी ओढून किनाऱ्यावर आणली. पट्ट्या सुटायला त्रास झाला नाही, ठोकळ्यांनी आपले काम केले. किनाऱ्यालगत वीसेक फुटांचा पट्टा काळा पडला होता, तिथे रिसॉर्टवाल्यांनी टाकलेल्या लाकडी पुलावरून नेली. स्नोमोबाइल आधी एकटे पार केले आणि मग लांब दोराने खोपी ओढून घेतली, म्हणजे दोन्ही ओझी एकाच वेळी पुलावर आली नाहीत. मिनोची बादली तळ्यावरच रिकामी केली आणि उरलेले मिनो कचऱ्यात टाकले. तळ्यातले पाणी बादलीतून दुसरीकडे नेता येत नाही आणि उरलेले आमिष पाण्यात सोडताही येत नाही.

३ मार्च

खोपी गॅरेजमध्ये उभी करून चारही कोपऱ्यांखाली वजनकाटे ठेवले. २१६ किलो. हंगामाच्या आरंभी १९१ होती, म्हणजे पंचवीस किलो पाणी प्लायवूडने आणि रिपांनी पिऊन घेतले आहे. सर्वाधिक जमिनीने, भोकांच्या कडांमधून, जिथे कापलेले प्लायवूड उघडे राहिले होते. जमीन काढून वाळत घातली आहे. वाळल्यावर कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यायचे, भोकांना आतून प्लॅस्टिकचे कडे बसवायचे आणि दक्षिणेकडील भिंत पांढरी रंगवायची. दाजींचा आग्रह आहे की पुढच्या वर्षी मर्यादा १८० किलो ठेवावी. त्यासाठी छताच्या रिपा कमी कराव्या लागतील, आणि हिमाचे ओझे पेलून त्या टिकतात का याचा हिशेब मी मांडायला घेतला आहे.